बारावं मानपत्र

मानपत्र लिहायला अक्कल लागत नाही, अक्षर बरं असलं की भागतं, असं आमच्या हेडक्लार्कांनी मला सगळ्या सेक्शनसमोर सांगितलं आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं असतं तर माझं अक्षरसुद्धा बरं नाही, असा त्याचा अर्थ झाला असता.

साहेब महिनाअखेर निवृत्त होणार होते. आमचं ऑफिस वजनमापांचं. दुकानातला काटा खरा की खोटा हे तपासायचं आणि खरा असेल तर त्यावर शिक्का मारायचा, हे आमचं काम. गावातला प्रत्येक किलो आमच्या लोखंडी कपाटातल्या एका पितळी किलोला उत्तर द्यायला बांधलेला आहे, असं मी घरी आलेल्या पाहुण्यांना नेहमी सांगतो. पाहुणे "असं होय?" म्हणतात आणि पंखा वाढवायला सांगतात.

आता या साहेबांबद्दल चांगलं काय लिहायचं, हा खरा पेच होता. पाच वर्षं ते आमच्या डोक्यावर होते, म्हणजे हजेरीपुस्तकाप्रमाणे होते. फाईल समोर आली की समासात ते हिरव्या शाईनं दोन शब्द लिहीत, "चर्चा करावी", आणि फाईल बाजूला सरकवत. चर्चा कोणी करावी, कोणाशी करावी, कधी करावी याचा खुलासा नसे. चर्चेला गेलेल्या माणसाला खुर्चीवरचा टॉवेल दिसे, साहेब दिसत नसत. माझं टेबल स्वच्छतागृहाच्या दाराला लागून आहे. ते तिथून सहा फूट सरकवावं, असा अर्ज मी केला होता आणि त्यावर चौदा महिने चर्चा व्हायची राहिली होती. एवढ्या काळात त्या दारातून कोण किती वाजता आत जातं हे मला पाठ झालं. मनुष्यजातीबद्दलचा माझा आदर कमी होत गेला तो तिथूनच.

तेव्हा मी ठरवलं की खोटं एक अक्षर लिहायचं नाही. खरं तेच लिहायचं, फक्त त्याला इस्त्रीचे कपडे घालायचे. मी लिहिलं, "आपण कोणताही निर्णय घाईने घेतला नाही. किंबहुना, घाई नसतानाही घेतला नाही. आपल्या एकाही आदेशाविरुद्ध वरच्या कार्यालयात अपील झाले नाही, हा या कार्यालयाच्या इतिहासातला विक्रम आहे. आपल्या खुर्चीबद्दल आम्हा सर्वांना नितांत आदर आहे, कारण आमचा जो काही संबंध आला तो तिच्याशीच आला." अपील व्हायला आधी आदेश व्हावा लागतो, हे मी लिहिलं नाही. वाचणाऱ्यालाही थोडं काम ठेवावं.

घरी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, हे त्यांना कळलं तर?"

"कळावं म्हणूनच लिहिलंय," मी बाणेदारपणे म्हणालो.

"मग तुमचं टेबल आत्ता दाराला लागून आहे ना, ते दाराच्या आत जाईल," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

बायकोला कलेतलं फारसं कळत नाही, असं मनाशी म्हणून मी समोरच्या ब्लॉकमधल्या मास्तरांकडे गेलो. मास्तर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे लाल पेन उरलं आहे, पण वह्या उरलेल्या नाहीत. त्यामुळे कागद दिसला की त्यांचा हात शिवशिवतो. त्यांनी सगळं वाचलं, कुठेही हसले नाहीत आणि विचारलं, "यात 'अष्टपैलू' कुठे आहे?"

"नाहीये."

"मग हे मानपत्र नव्हे. हा वर्तणुकीचा दाखला झाला. अष्टपैलू पाहिजेच."

वडीलधाऱ्यांचा शब्द कशाला मोडा? मी भर घातली, "आपण अष्टपैलू आहात. मात्र यांतल्या नेमक्या कोणत्या बाजूने पाहिले असता आपण दिसाल, हे आम्हाला शेवटपर्यंत उमगले नाही." मास्तरांनी समाधानानं मान डोलावली आणि दोन स्वल्पविराम वाढवून दिले.

इथवर ठीक होतं. घोड्यानं पेंड खाल्ली ती पुढे. मानपत्राला फ्रेम लागते, फ्रेमला मंजुरी लागते आणि मंजुरीसाठी मसुदा फाईलला लावावा लागतो. हेडक्लार्कांनी तो न वाचता शेरा मारला, "भाषा प्रभावी आहे. मंजुरीस्तव सादर." आणि मंजुरी देणारे अधिकारी कोण? साहेबच! फाईल त्यांच्याकडे गेली. तिसऱ्या दिवशी परत आली. स्वतःच्या मानपत्राच्या समासात त्यांनी हिरव्या शाईनं लिहिलं होतं, "चर्चा करावी."

मी गेलो. आणि काय नशीब पाहा, पाच वर्षांत पहिल्यांदाच खुर्चीवर टॉवेल आणि साहेब असे दोघेही होते. साहेबांनी चष्मा लावला आणि कागदावर बोट ठेवलं. "हे वाक्य. 'कोणताही निर्णय घाईने घेतला नाही.' हे तुम्ही लिहिलंत?"

"हो साहेब. पण म्हणजे, तसं…"

"हे इथे मधे कुठे टाकलंत? हे सगळ्यात वर घ्या. मोठ्या अक्षरात. माझ्या नोकरीचं सार आहे हे!" आणि त्यांनी डोळे पुसले. मी बाहेर आलो तेव्हा मला सुटल्यासारखंही वाटलं आणि अपमान झाल्यासारखंही वाटलं. इतकी धार लावून ठेवलेली सुरी कुणी भाजी चिरायला मागून नेली तर काय वाटेल, तसं काहीसं.

समारंभात मी ते वाचलं. सेक्शनमधले लोक ओठ चावत होते, टायपिस्टबाई रुमालाआड हसत होत्या, आणि साहेब व्यासपीठावर बसून प्रत्येक वाक्याला नम्रपणे मान खाली घालत होते. नंतर साहेबांच्या मिसेस चहाचा कप घेऊन माझ्याकडे आल्या. हळूच म्हणाल्या, "तीस वर्षं मी हेच सांगतेय. माझं कधी ऐकलं नाही. आता समोरच्या खोलीत लावणार आहे. रोज स्वतःच वाचतील."

मानपत्राची ऑफिस प्रत नियमाप्रमाणे रेकॉर्डला गेली. आमची रेकॉर्डरूम तळघरात आहे आणि तिथे रेकॉर्डताई असतात. त्यांनी ते उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. हसल्या नाहीत. "भाऊ, हे खरं म्हणून लावू की गंमत म्हणून?" त्यांनी विचारलं. "फोल्डर वेगळं लागेल."

मी म्हटलं, "ताई, दोन्ही आहे."

"दोन्हीचं फोल्डर नाही आपल्याकडे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ते 'संकीर्ण' मध्ये लावलं.

यानंतर जे सुरू झालं त्याला माझा इलाज नव्हता. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष आले. म्हणाले, "काय साहेबांची उतरवलीत हो! आम्ही हसून हसून मेलो. आता माझी साठी आहे. माझं लिहा. पण माझ्या बाबतीत आपलं जे आहे ते सरळ लिहा." मी सरळ लिहिलं, "आपल्या कारकिर्दीत आम्हा रहिवाशांना पाण्याचे खरे महत्त्व कळले." अध्यक्षांनी ते जिन्यात लावलं. वाचनालयाचे अध्यक्ष आले. ते सोसायटीच्या अध्यक्षांना हसत हसत आले होते. त्यांना लिहिलं, "आपण ग्रंथांना इतके जपले, की वाचकाचा हातसुद्धा त्यांना लागू दिला नाही." त्यांचा ऊर भरून आला. मग डॉक्टर आले. ते आधीच्या तिघांनाही हसले. "आपल्याकडून गेलेला एकही रुग्ण तक्रार घेऊन परत आला नाही," हे वाक्य त्यांनी दवाखान्यात पेशंट बसतात तिथेच लावलं आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे शाळेत असताना मी पाठ केलं होतं. पण मुसळाला फ्रेम करून भिंतीवर लावणारे लोक मी पहिल्यांदाच पाहिले.

वर्षभरात अकरा मानपत्रं झाली. प्रत्येकाची एक प्रत मी हौसेनं रेकॉर्डताईंकडे 'संकीर्ण' मध्ये लावायला देत असे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं. मी उभा राहिलो की लोक आधीपासूनच हसायला तयार असत. आपण समाजाला आरसा दाखवतो आहोत, असं मी दोन-तीन ठिकाणी बोलूनही दाखवलं. बायको म्हणाली, "आरसा दाखवला म्हणता, मग नळाला पाणी का नाही आलं?" हा प्रश्न मला आवडला नाही. पाणी खरंच आलं नव्हतं. वाचनालय पूर्वीसारखंच कुलपात होतं, आणि डॉक्टरांची तपासायची पद्धतही तीच होती. लोक पोटभर हसत, घरी जात आणि कालचंच काम पुन्हा पुढे चालू करत. पण टाळ्या ऐकू येत असल्या की असले हिशोब कोण मांडतो?

दुसरी एक गोष्ट मात्र जाणवू लागली. माझं बोलणं कुणी सरळ घेईना. एकदा जेवताना मी म्हटलं, "भाजी छान झालीय." बायकोनं डाव खाली ठेवला. "काय कमी पडलंय ते नीट सांगा." मी शपथेवर सांगितलं की भाजी खरंच छान झाली आहे. तिनं मीठ आणून समोर ठेवलं. मास्तरांच्या थोरल्या भावाच्या शोकसभेत मी "गेलेला माणूस सज्जन होता" एवढं एकच वाक्य बोललो, तर मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मास्तर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत आणि माझ्या एकाही कागदाला लाल पेन लावलं नाही. हे मी फार मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

अशात रेकॉर्डताई निवृत्त व्हायला आल्या. त्या एकतीस वर्षं तळघरात होत्या. नंबर सांगा, चार मिनिटांत फाईल तुमच्या हातात. फाटलेल्या कडांना त्या स्वतः खळ लावून कागद चिकटवत. एकदा नळ फुटून तळघरात पाणी शिरलं, तेव्हा त्यांनी दोऱ्या बांधून अकराशे कागद एकेक करून वाळवले. वर आम्ही त्या दिवशी सुट्टी मिळते का याची वाट पाहत होतो. अशी बाई दुसऱ्या कुठल्या ऑफिसात असती तर लोकांनी तिचं नाव काढलं असतं. आमच्याकडे लोक फाईल काढून घेत आणि तिचं नाव विसरत.

त्या वर आल्या. माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "भाऊ, माझंही लिहाल ना?"

"ताई, हे काय विचारणं झालं?"

"साधं लिहा. चेष्टा नको." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "घरी कुणालाच ठाऊक नाही मी इथे काय करते ते. मुलगा सगळ्यांना सांगतो, आई ऑफिसात धूळ झटकते. त्यात त्याचं वाईट मनात नसतं हो. त्याला दिसतं तेवढं तो बोलतो. त्या दिवशी तो येणारे, सूनही येणारे. एकदा चारचौघांत त्याच्या कानावर पडू दे, एवढंच."

मला भरून आलं. मी त्यांना शब्द दिला. त्या रविवारी बसून मी बारावं मानपत्र लिहिलं. त्यात अष्टपैलू नव्हतं, किंबहुना नव्हतं, कुठे आडून मारलेला बाण नव्हता. "एकतीस वर्षांत आपल्या ताब्यातील एकही फाईल हरवली नाही. आपण कधी खोटी नोंद केली नाही. आपण कधी उशिरा आला नाहीत. आपल्यामुळे या कार्यालयाला आपले कालचे काम आज सापडते." असं सगळं. लिहिताना मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदाच हात स्वच्छ धुऊन लिहितोय.

मसुदा नव्या साहेबांकडे गेला. नवे साहेब तरुण आणि हसतमुख. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला टेबलावर हात आपटला. "'एकही फाईल हरवली नाही!' वा! काय मारलाय!"

"साहेब, ते खरं आहे."

"अर्थात, अर्थात," साहेबांनी डोळा मारला.

हेडक्लार्क म्हणाले, "बाईमाणूस आहे हो, जरा सौम्य घ्यायचं होतंत. झोंबेल त्यांना." मी घाबरून मास्तरांकडे गेलो. मास्तरांनी मोठ्या मनानं मागचं विसरून कागद हातात घेतला. वाचून म्हणाले, "उपरोध आता फारच मुरलाय तुमचा. कुठे दिसतसुद्धा नाही!" मी घरी येऊन सगळी विशेषणं काढून टाकली. तरी ऑफिसात सगळे हसले. मग वाटलं, एखादा दोष घालावा म्हणजे बाकीचं खरं वाटेल. म्हणून "आपण क्वचित रागावत असा" असं लिहिलं. त्याला तर हेडक्लार्क खुर्चीतून पडायचे राहिले. मानपत्र जितकं सरळ करावं तितकं ते लोकांना वाकडं दिसत होतं.

बायको म्हणाली, "अहो, सोपं आहे. दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घ्या. टायपिस्टबाईंना सांगा. त्यांनी लिहिलं की कुणी हसणार नाही."

ती म्हणत होती ते शंभर टक्के बरोबर होतं, आणि मला ते तेव्हाच कळलं होतं. पण मी म्हटलं, "ताईंनी विश्वासानं मला सांगितलंय. दुसऱ्या कुणाला त्यांचं मोल कळणार नाही." ऐकायला हे फार उदात्त वाटतं. खरी गोष्ट अशी, की समारंभाला उभं टायपिस्टबाईंनी राहायचं आणि मी खाली बसून टाळ्या वाजवायच्या, हे मला सोसलं नसतं. त्या क्षणी मी ताईंचा विचार करतच नव्हतो.

समारंभाला हॉल भरला. ताई व्यासपीठावर इस्त्रीची साडी नेसून बसल्या होत्या. मुलगा आणि सून पहिल्या रांगेत होते. मुलगा मोबाईलवर आईचे फोटो काढत होता. मी माइकजवळ गेलो, आणि मी कागद उघडायच्या आतच हॉलमध्ये खसखस पिकली.

मी पहिलं वाक्य वाचलं. लोक हसले. "आपण कधी उशिरा आला नाहीत." आणखी हसले. "एकही फाईल हरवली नाही," याला मागून शिट्टी आली. मी ताईंकडे पाहिलं. त्या हात मांडीवर ठेवून समोर बघत होत्या. मुलानं फोन खाली घेतला, गोंधळून आजूबाजूला पाहिलं. सगळे हसताहेत म्हटल्यावर, बिचारा, तोही हसायला लागला. मी कागद बाजूला ठेवला आणि ओरडलो, "अहो, हे खरं आहे! मी चेष्टा करत नाहीये!"

इतका मोठा हशा माझ्या अकरा मानपत्रांना मिळून पडला नव्हता. नवे साहेब डोळे पुसत होते.

तेवढ्यात ताई उठल्या. सत्काराला उत्तर द्यायची पद्धत असते, पण ती शेवटी. त्या मध्येच उठल्या, माइकपाशी आल्या, आणि मी बाजूला झालो.

"हसून होऊ दे," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, तळघरात नंबर विचारतात तसा. हॉल जरा शांत झाला. "मला भाषण येत नाही. कुठल्याही फायलीचा नंबर सांगा."

लोकांना ही नवी गंमत वाटली. हेडक्लार्क पुढून ओरडले, "दोनशे एक ऑब्लिक सात!"

"दूधकेंद्रावरच्या मापाची तक्रार," ताई म्हणाल्या. "माप तळाशी आतून चेपलेलं होतं. एक म्हातारी बाई ते पिशवीत घालून घेऊन आली होती. फाईल तुमच्याकडे पाच महिने होती, मग आधीच्या साहेबांकडे चर्चेला गेली. बाई तेरा वेळा आली, प्रत्येक वेळची सही आहे. चौदाव्या वेळी आली नाही. माप अजून माझ्याकडे आहे, फायलींच्या सातव्या घोड्यावर, वरच्या फळीला."

आता कुणी हसलं नाही. नवे साहेब वातावरण हलकं करायला म्हणाले, "माझ्या काळातली सांगा एखादी. नऊशे चाळीस ऑब्लिक एक."

"पेट्रोलपंपाची. तपासणीचा आदेश तुमच्या सहीसाठी आहे. सव्वीस दिवस झाले. काल संध्याकाळी मी पाहिलं तेव्हा तुमच्या चहाच्या ट्रेखाली होती."

साहेबांनी हातातला कप खाली ठेवला. ताईंच्या बोलण्यात डंख नव्हता. त्या फक्त रेकॉर्ड सांगत होत्या. मला वाटलं, आता ताईंच्या बाजूनं आपण उभं राहायला हवं. ऑफिसात काही कामं वेळेवरही होतात हे लोकांना कळू दे, आणि ती कोण करतं हेही ओघानं कळू दे. मी एका दिवसात निकालात काढलेली एक फाईल मला आठवत होती. मी तिचा नंबर सांगितला.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, नको."

"सांगा ना ताई. संकोच कसला?"

"किराणा दुकानाच्या काट्याची," त्या म्हणाल्या. "'समक्ष तपासणी केली, काटा योग्य आढळला.' खाली तुमची सही. त्या दिवशी तुम्ही तपासणीला गेला नव्हतात. अकरावं मानपत्र वाचायला गेला होतात, गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्याची प्रत 'संकीर्ण' मध्ये आहे, तारीख तीच."

सगळे माझ्याकडे बघत होते, आणि एकाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. वर्षभर मी त्यांना ज्या जागी उभं करत होतो, तिथे त्या दिवशी मी उभा होतो, आणि मला कुणी इस्त्रीचे कपडेही घातले नव्हते.

पहिल्या रांगेतून मुलगा उठला. हसणं कधीच थांबलं होतं त्याचं. "आई," तो म्हणाला, "हे सगळं तुला पाठ आहे?"

"पाठ कशाला करू?" ताई म्हणाल्या. "आलेलं वाचलंय फक्त. आमच्याकडे बाकी कुणी वाचत नाही."

त्या खाली उतरल्या. मुलानं त्यांची पिशवी घेतली, आपल्या खांद्याला लावली, आणि ते तिघं गेले. फ्रेम टेबलावरच राहिली. चहा-बिस्किटं होती, पण ती घ्यायला पहिला हात कुणी पुढे करेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी त्या किराणा दुकानात गेलो, पितळी वजनं घेऊन. काटा किलोमागे तीस ग्रॅम कमी भरत होता. सहा महिने माझ्या सहीवर तो कमी भरत होता. मी तो सील केला आणि अहवाल लिहिला. दुकानदारानं विचारलं, "साहेब, आज खरंच तपासायला आलात?" यात टोमणा नव्हता, त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

मग फ्रेम घेऊन ताईंच्या घरी गेलो. मुलानं दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. मी म्हटलं, "ताई, चुकलं माझं. लिहिणाऱ्यानं बाजूला व्हायला हवं होतं. मी झालो नाही." चष्मा लावून त्यांनी ते मानपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. 'क्वचित रागावत असा' पाशी थोडं थांबल्या, पुढे गेल्या.

"एक शब्द खोटा नाही यात," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "मग कुठे लावू? खिळा आहे का?"

"भिंतीला नको, भाऊ. सगळ्या गावाला ठाऊक आहे हे तुम्ही लिहिलंय. येणारा-जाणारा वाचेल आणि हसेल. मी कुणाकुणाला समजावत बसू?" त्यांनी फ्रेम माझ्या हातात परत दिली. आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर मला बरं वाटलं असतं. "हेच साध्या कागदावर उतरवून आणा. जपून ठेवीन. पण खाली सही दुसऱ्या कुणाची तरी घ्या. ज्याच्या सहीवर लोकांचा विश्वास बसेल, अशा कुणाची."

"आणतो," मी म्हटलं.

फ्रेम काखेत मारून परत येताना मी आमच्या ऑफिसातल्या एकेकाचं नाव मनात घेऊन पाहिलं. नवे साहेब, हेडक्लार्क, मी स्वतः, सगळे झाले. ज्याची सही कुणीही मनात शंका न आणता खरी मानली असती, असं एकच माणूस सापडलं, आणि ते कालच निवृत्त झालं होतं.